वाचनालयाची वेबसाइट, मोफत फॉन्ट आणि पाकळीचा ल

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट करायचं काम माझ्याकडे आलं. डोमेन आणि होस्टिंगपुरते पैसे कमिटीने काढले होते, फॉन्टसाठी काहीच नव्हते, आणि मलाही वाटत होतं की फॉन्ट हे एका संध्याकाळचं काम आहे, गूगल फॉन्ट्स उघडायचं, डोळ्याला बरा वाटेल तो घ्यायचा, लिंक चिकटवायची की झालं. त्या एका कामात जवळजवळ दोन महिने गेले. त्यात जे जे कळलं ते इथे लिहून ठेवतोय कारण मराठी साइट करणाऱ्या प्रत्येकाला यातलं काही ना काही लागणारच आहे.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. टेम्प्लेट तयार घेतलेलं होतं, त्यात लाटो फॉन्ट लावलेला. मी त्यात मराठी मजकूर टाकला, माझ्या मॅकवर झकास दिसला, म्हटलं चला लाटोच ठेवू. दोन दिवसांनी ग्रंथपाल ताईंनी त्यांच्या ऑफिसातल्या विंडोजच्या स्क्रीनचा फोटो पाठवला तर अक्षरं पूर्ण वेगळी, आणि त्यांच्या फोनवर आणखी तिसरीच. मग कळलं की लाटोमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. ब्राउझरला फॉन्टमध्ये अक्षर सापडलं नाही की तो गुपचूप मशीनमधला दुसरा फॉन्ट उचलतो, म्हणजे माझ्याकडे ॲपलचा कोहिनूर दिसत होता, ताईंकडे निर्मला, आणि अँड्रॉइडवर नोटो. मी दोन दिवस ज्याचं कौतुक करत होतो तो लाटो नव्हताच! हे तपासायला क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये सोपी जागा आहे, मजकुरावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करायचं, कॉम्प्युटेड टॅबच्या एकदम तळाशी रेंडर्ड फॉन्ट्स म्हणून लिहिलेलं असतं, खरोखर कुठला फॉन्ट वापरला जातोय ते तिथे कळतं. आता मी कुठलीही मराठी साइट उघडली की आधी तिथे बघतो.

मग गूगल फॉन्ट्समध्ये भाषेच्या फिल्टरला देवनागरी लावून बसलो. पर्याय भरपूर आहेत आणि यातले कितीतरी आपल्या मुंबई-अहमदाबादच्या लोकांनी केलेत याचा मला मनापासून आनंद झाला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त, बलू, मोदक, अनेक, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद, पॉपिन्स, कलम, तेको, शिवाय एक्झार, मार्टेल, यात्रा वन, आणि गूगलचा स्वतःचा नोटो. यात्रा वन तर मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय, बघितल्याबरोबर जुनी स्टेशनं आठवतात, पण तो मथळ्याचा फॉन्ट आहे, त्यात परिच्छेद वाचवत नाही. मी पॉपिन्स घेतला. नऊ वेट, म्हणजे जाडीचे नऊ प्रकार, आहेत, इंग्रजी आणि मराठी एकाच घडणीचं दिसतं, सगळीकडे वापरतात. कमिटीला लिंक पाठवली.

कमिटीत एक काका आहेत, आता पंच्याहत्तरीच्या पुढे, तरुणपणी एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे, नंतर तिथेच मुद्रितं तपासायचे. त्यांचा फोन आला. "साइट चांगली झालीये रे, पण यातला ल आपला नाही." मला आधी समजलंच नाही. म्हणाले, "ये इकडे, दाखवतो."

वाचनालयात गेलो तर त्यांनी आतल्या कपाटातून निर्णयसागर छापखान्याचं एक जुनं पुस्तक काढून ठेवलेलं होतं आणि शेजारी भिंग. पान पिवळं पडलेलं, कडा मोडत होत्या, पण शाई अजून काळीकुळकुळीत. त्यांनी भिंग एका ल वर धरलं. उभा दांडा नाही, शिरोरेषेतून मधोमध खाली आलेला छोटा देठ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वळलेल्या दोन पाकळ्या. मग माझा फोन घेऊन त्यांनी वाचनालय हा शब्द मोठा केला, तिथला ल उजवीकडे उभा दांडा असलेला. "हा दंडयुक्त, हिंदीचा. आपला पाकळीयुक्त. आणि श बघ, आपला देठाचा, हा गाठीचा. आम्ही खान्यांच्या केसमध्ये खिळा उचलतानाच बोटाला कळायचं कुठला ते." मी तोपर्यंत आयुष्यभर हाताने पाकळीचाच ल काढत आलो होतो, शाळेत तोच गिरवला, आणि तरी स्क्रीनवर वर्षानुवर्षं दुसरा बघून मला एकदाही खटकलं नव्हतं. हे मला फार लागलं.

नंतर वाचलं. छपाईत देवनागरीची दोन वळणं पूर्वीपासून चालत आलीत, मुंबईचं आणि कलकत्त्याचं, आणि अ, झ, ण, ल, श, शिवाय काही आकडे यांत ती वेगळी दिसतात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या नोव्हेंबरात मराठी वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच मराठीसाठी प्रमाण धरलेत. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, ल एकच आहे, त्याचा आकार कसा हे फॉन्ट ठरवतो, आणि मोफत मिळणारे बहुतेक देवनागरी फॉन्ट मूळचा आकार हिंदीचा ठेवतात. यात कुणाचा वाईट हेतू आहे असं मला वाटत नाही, हिंदीचे वाचक जास्त, फॉन्ट एक, एकाचा आकार मूळ ठेवावा लागतो. पण त्यामुळे मराठी माणसाने स्वतः बघून निवडलं पाहिजे.

आता यात एक तांत्रिक गोष्ट आहे जी मला आधी कुणी सांगितली असती तर दोन आठवडे वाचले असते. काही फॉन्टांमध्ये दोन्ही ल भरलेले असतात आणि पानाची भाषा कोणती लिहिलीये त्यावरून ब्राउझर त्यातला एक निवडतो. ही भाषा एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या कोडच्या, पहिल्या टॅगमध्ये लँग म्हणून लिहायची असते, मराठीसाठी एमआर. माझ्या टेम्प्लेटमध्ये तिथे ईएन होतं, म्हणजे अख्खं मराठी पान मी ब्राउझरला इंग्रजी म्हणून देत होतो. ते एमआर केलं आणि चाचणीला घेतलेल्या एका फॉन्टमध्ये पान रिफ्रेश करताच सगळे ल डोळ्यासमोर बदलले. खुर्चीतून उठून उभा राहिलो मी. सगळ्या फॉन्टांत ही सोय नसते, जिथे नाही तिथे एमआर लिहूनही आकार तोच राहतो, पण तरी ते लिहायचंच, कारण आंधळ्या वाचकांसाठी जे स्क्रीनरीडर असतात तेही त्यावरूनच कुठला आवाज लावायचा ते ठरवतात.

याच काळात सेक्रेटरी सरांनी एक पेनड्राइव्ह दिला. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका ज्या फॉन्टमध्ये छापलेली तो त्यात होता, त्यांचा आग्रह होता की साइटलाही तोच हवा, सभासदांना ओळखीचा आहे. दिसायला खरंच देखणा. पण तो जुन्या डीटीपीचा, युनिकोड नसलेला, म्हणजे आतून इंग्रजी अक्षरंच आणि वर मराठीचा मुखवटा, गूगलला त्यातलं एकही पुस्तक शोधता येणार नाही, फोनवर तो फॉन्ट नसला की सगळा कचरा दिसणार. आणि लायसन्स छपाईपुरतं. वेबसाठीचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं हे त्यांना समजावून सांगायला एक पूर्ण मीटिंग गेली. फुकट फॉन्ट डाउनलोड म्हणून ज्या साइट सापडतात त्यांच्यावरही मी एक-दोन फॉन्ट बघितले, त्यातल्या एकाच्या झिपमधली टेक्स्ट फाइल उघडली तर फक्त वैयक्तिक वापरासाठी असं लिहिलेलं. फुकट उतरवता येतो म्हणजे साइटवर लावता येतो असं नाही, ही गोष्ट मला त्या फाइलमुळे नीट कळली.

त्या मानाने गूगल फॉन्ट्सवरचं प्रकरण स्वच्छ आहे. तिथले बहुतेक फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली असतात. कुठेही वापरा, व्यावसायिक कामात वापरा, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, बदलासुद्धा. नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही, पुढे वाटताना लायसन्स सोबत द्यायचं, आणि ज्या फॉन्टचं नाव राखीव ठेवलंय त्यात बदल केला तर ते नाव वापरायचं नाही. एवढंच. मी आता फॉन्टच्या फोल्डरमध्ये लायसन्सची फाइल न चुकता ठेवतो.

यानंतर फॉन्टच्या पानावरचा नमुना बघून निवडणं मी बंद केलं. तिथे एखादं छान वाक्य मोठ्या अक्षरात असतं, त्यात सगळेच फॉन्ट चांगले दिसतात. काकांना म्हटलं, मुद्रितं तपासताना जे शब्द त्रास द्यायचे ते सांगा. त्यांनी जुन्या हिशेबाच्या वहीच्या पाठच्या पानावर लिहून दिले, मी त्यात माझे घातले, आणि एक चाचणीचं पान केलं ज्यावर तेच शब्द अकरा फॉन्टांत एकाखाली एक.

सगळ्यात उपयोगी शब्द वाङ्मय ठरला. वाचनालयाच्या साइटवर तो पदोपदी येणार. त्यातल्या ङ चा टिंब लहान आकारात काही फॉन्टांत इतका बारीक होतो की फोनवर सरळ वाड्मय वाचलं जातं, काहींत ङ चा पाय मोडलेला दिसतो आणि म शेजारी, काहींत म त्याच्या पोटाखाली नीट बसतो. दुसरी जोडी आचार्यांना आणि आचाऱ्यांना. एकात रफार, दुसऱ्यात र ची नुसती आडवी पापणी, आणि अर्थ गुरुजींवरून थेट स्वयंपाक्यावर जातो. तशीच दर्या आणि दऱ्या. वऱ्हाड, गुऱ्हाळ, ऱ्हास हेही घातले कारण पापणीचा र हा आपल्याकडे रोजचा आहे, तो बारीक झाला किंवा शिरोरेषेला चिकटला तर शब्द गेला. ॲड. हा घातला कारण विश्वस्तांत दोन वकील आहेत. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे, आणि एका फॉन्टमध्ये ते नव्हतंच, मग नेमकं तेवढंच अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून येऊन एखाद्या ठिगळासारखं दिसत होतं. श्रद्धा, उद्ध्वस्त, क्लृप्ती, हृदय, शत्रू, षष्ठी. जुन्या ग्रंथांच्या नावांत कीं, नाहीं, ग्रंथांतील असे अनुस्वार खूप, त्यामुळे वेलांटीवर टिंब बसतो की तिच्यात घुसतो तेही बघितलं.

हे पान मी लॅपटॉपवर बघून ठरवलं नाही. ताईंचा फोन साधा आहे, काचेला एक तडा गेलाय, आणि वाचनालयाचे निम्मे सभासद त्याच ऐपतीचे फोन वापरतात. दुपारी बाराला आम्ही दोघं वाचनालयाच्या पायरीवर उन्हात उभे राहिलो आणि एकेक फॉन्ट मोठ्याने वाचला. ताई जिथे अडखळायच्या तिथे मी वहीत खूण करायचो. पातळ वेटवाले सगळे तिथेच बाद झाले, शिरोरेषाच दिसेना.

शेवटी मजकुरासाठी टायरो देवनागरी मराठी घेतला. याच्या नावातच मराठी आहे, हिंदी आणि संस्कृतसाठी याची वेगळी भावंडं आहेत, आणि पाकळीचा ल, देठाचा श यात मूळचेच आहेत, सेटिंग करावं लागत नाही. हार्वर्डच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या ग्रंथमालेसाठी जे टाइप घडवले गेले त्यातून हा आला, आणि पुस्तकातलं वळण त्यात जाणवतं. काकांना फोनवर दाखवला. त्यांनी भिंग काढलं, फोनच्या काचेवर धरलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले "हं, हा जमला."

अडचण एकच, यात बोल्ड नाही. साधा आणि तिरका एवढेच. आणि टेम्प्लेटमध्ये सगळे मथळे बोल्ड. फॉन्टमध्ये बोल्ड नसला की ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवतो, आणि देवनागरीत ते फार वाईट दिसतं, श्रद्धा मधला द्ध आणि षष्ठी मधला ष्ठ आतून भरून काळे ठिपके होतात. म्हणून सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, फॉन्ट-सिंथेसिस नन लावून ते फुगवणं बंद केलं आणि मथळे आकाराने आणि रंगाने वेगळे केले, जाडीने नाही. जुन्या पुस्तकांत तरी कुठे एवढे ठसठशीत मथळे असायचे, मला ते जास्त आवडलं. मेनू आणि बटणांना मात्र मुक्त लावला, लहान आकारात तो स्वच्छ वाचता येतो आणि सात वेट मिळतात. मेनूत शब्द चारच, मुख्यपान, ग्रंथसूची, वेळ, संपर्क, त्यात ना ल आहे ना श, त्यामुळे काकांनीही मान्य केलं.

टेम्प्लेटमधले इंग्रजीसाठीचे संस्कार काढणं हा पुढचा भाग. मथळ्यांना लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा जागा, दिलेलं होतं, इंग्रजीत ते बरं दिसतं, मराठीत त्याने शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते, वा च ना ल य असं सुटं सुटं होतं. ते सगळीकडून शून्य केलं. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, मथळ्यांना अक्षराच्या १.१ पट होती आणि कार्डाला, म्हणजे मजकुराच्या चौकटीला, ओव्हरफ्लो हिडन, बाहेर जाईल ते लपवायचं, त्यामुळे नवीन पुस्तके या कार्डावर उकार कापला जाऊन नवीन पस्तके दिसत होतं, आणि हे तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही, एका शाळकरी मुलाने ताईंना सांगितलं. मथळ्यांना १.४ आणि मजकुराला १.७ केली तेव्हा वरचे रफार-वेलांट्या आणि खालचे उकार दोन्ही सुखाने राहायला लागले. मजकुराचा आकारही १६ वरून २० पिक्सेल केला, कारण त्याच आकड्यात मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान भासतं. लिंकखालची रेघ उकारातून जात होती, ती थोडी खाली सरकवली.

गूगलची लिंक द्यायची की फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवायचे यावरही खूप वाचलं. पूर्वी असं म्हणायचे की गूगलची लिंक दिली तर वाचकाच्या ब्राउझरमध्ये तो फॉन्ट दुसऱ्या साइटमुळे आधीच आलेला असतो. क्रोमने २०२० च्या शेवटी कॅशे, म्हणजे ब्राउझरने उतरवून ठेवलेल्या फाइलींचा साठा, साइटप्रमाणे वेगळी केली, त्यामुळे तो फायदा आता नाही. शिवाय गावातली एक मुलगी जर्मनीत असते, तिने सांगितलं की जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने एका साइटला गूगलचे फॉन्ट थेट गूगलवरून लावल्याबद्दल १०० युरो भरायला लावले, वाचकाचा आयपी पत्ता त्याला न विचारता गूगलकडे जातो म्हणून. आमच्या वाचनालयाला तिथून कोण धरणार नाही, पण आपल्या सभासदांची माहिती विनाकारण कुठे जाऊ नये हे मला पटलं. फॉन्ट आपल्याकडे ठेवले.

तसं करताना फाइल लहान व्हावी म्हणून मी साइटवर त्या दिवशी जी अक्षरं होती तेवढीच ठेवून बाकीची छाटली. देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे वजनदार असतोच, त्यामुळे मोह होतो. पण पुढच्याच आठवड्यात ताईंनी वर्गणीची पाटी टाकली आणि रुपयाचं चिन्ह दुसऱ्याच फॉन्टमध्ये आलं, कारण माझ्या यादीत ते नव्हतं. छाटायचं तर अख्खी देवनागरी ठेवायची, रुपयाचं चिन्ह ठेवायचं, आणि जॉइनर म्हणतात ती न दिसणारी दोन चिन्हं ठेवायची, त्यातल्या एकाने जुन्या पद्धतीचा पापणीचा र टाइप होतो. गूगल स्वतःच्या देवनागरी तुकड्यात हे सगळं ठेवतं, ती यादी तशीच उचलावी हे बरं. आता इंग्रजीची फाइल वेगळी, देवनागरीची वेगळी, दोन्ही वॉफ२ या वेबसाठीच्या आटोपशीर फाइलप्रकारात, आणि फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप, म्हणजे एसटी स्टँडजवळ रेंज कमी असली तरी मजकूर आधी फोनच्या फॉन्टमध्ये दिसतो आणि मग टायरो येतो. तेव्हा ओळी जराशा हलतात, ते अजून पूर्ण जमलेलं नाही, फोनच्या फॉन्टचा आकार टायरोशी जुळवणारे साइज-ॲडजस्टचे आकडे बदलून बघतोय.

सध्या ग्रंथसूची चढवणं चालू आहे. काका दर शनिवारी येऊन ताईंच्या शेजारी बसतात आणि नोंदी तपासतात, वाङ्मय जिथे वाड्मय टाइप झालंय तिथे पेन्सिलीने छापखान्यातली जुनी खूण वहीत करतात, आणि मी रविवारी ती वही समोर ठेवून दुरुस्त करतो.